वूकॉमर्समध्ये रेझरपेच्या कीज टाकताना: टेस्ट, लाइव्ह आणि सगळे विसरतात ते वेबहूक

छोट्या दुकानदारांच्या साईट करून देणाऱ्याला एक फोन कधी ना कधी येतोच. "अहो, गिऱ्हाईकाच्या खात्यातनं पैसे गेलेत, त्यानं स्क्रीनशॉट पण पाठवलाय, आणि इथं ऑर्डर पेंडिंगच दिसतीये." मग दुकानदार म्हणतो साईट खराब, साईटवाला म्हणतो बँकेचा घोळ, आणि गिऱ्हाईक बिचारं मधल्या मधे. बहुतेक वेळा घोळ बँकेचाही नसतो आणि कोडचाही नसतो, सेटिंग अर्धवट सोडलेलं असतं. दोन कीज, म्हणजे गेटवेला साईटची ओळख पटवणारे कोड, पेस्ट केल्या, एक पेमेंट करून बघितलं, चाललं, विषय संपला. तर ते सेटिंग पूर्ण कसं करायचं ते सांगतो. उदाहरण वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सचं आणि त्याला रेझरपे हा पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, जोडणाऱ्या प्लगिनचं घेतलंय कारण आपल्याकडे ही जोडी सगळ्यात जास्त दिसते, पण दुसरा कुठला गेटवे असला तरी गोष्टी ह्याच असतात, नावं फक्त बदलतात.

आधी हे समजून घ्या, मग माउसला हात लावा

एकूण तीन गोष्टी आहेत आणि लोक यांची कायम सरमिसळ करतात. पहिली की आयडी. ही तुमची ओळख, गुपित नाही, कारण पेमेंटची खिडकी गिऱ्हाईकाच्या ब्राउझरमध्ये उघडते तेव्हा ही आयडी तिथं जातेच, पानाचा सोर्स बघितला तर कुणालाही दिसते. दुसरी की सिक्रेट. ही फक्त तुमच्या सर्व्हरवर राहायला पाहिजे, हिच्या जोरावर तुमची साईट रेझरपेकडे ऑर्डर तयार करते, रिफंड करते, आणि पेमेंट झाल्यावर आलेला निरोप खरा की बनावट ते तपासते. म्हणजे सिक्रेट ज्याच्या हातात तो तुमच्या खात्यावरनं रिफंडसुद्धा मारू शकतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढच्या निम्म्या चुका टळतात. तिसरी वेबहूक सिक्रेट (वेबहूक म्हणजे काय ते पुढं येतंच), आणि ही की सिक्रेटपेक्षा पूर्ण वेगळी आहे बरं का, ही रेझरपे आपल्याला देत नाही, आपणच ठरवून दोन्हीकडे टाकायची असते.

आता पेमेंटचा प्रवास बघा. गिऱ्हाईकानं प्लेस ऑर्डर दाबलं की प्लगिन आयडी आणि सिक्रेट वापरून रेझरपेकडे एक ऑर्डर बनवतं, मग पेमेंटची खिडकी उघडते, गिऱ्हाईक फोनमध्ये यूपीआयचा पिन टाकतं, पैसे जातात, आणि ब्राउझर परत तुमच्या साईटवर येताना सोबत पेमेंटचा नंबर, रेझरपेच्या ऑर्डरचा नंबर आणि एक सही घेऊन येतो. ही सही म्हणजे ते दोन नंबर एकत्र करून सिक्रेटच्या मदतीनं काढलेला एचमॅक एसएचए-२५६ प्रकारचा हॅश, म्हणजे सिक्रेट असेल त्यालाच काढता येणारी अक्षरांची खूण. प्लगिन आपल्याकडच्या सिक्रेटनं तोच हॅश काढून बघतं, जुळला की ऑर्डर प्रोसेसिंगला जाते.

यातली कच्ची कडी म्हणजे "ब्राउझर परत येताना" हा टप्पा. गिऱ्हाईक मोबाईलवर ब्राउझरमधून पेमेंट ॲपमध्ये गेलं, पिन टाकला, तेवढ्यात कुणाचा फोन आला, नाहीतर रेंज गेली, नाहीतर मागचा टॅबच फोननं मेमरी वाचवायला बंद करून टाकला, तर ब्राउझर परत येतच नाही. पैसे गेलेत, साईटला पत्ता नाही. यावर उपाय एकच, रेझरपेच्या सर्व्हरनं थेट तुमच्या सर्व्हरला कळवायचं, गिऱ्हाईकाच्या फोनवर अवलंबून न राहता. त्यालाच वेबहूक म्हणतात आणि नेमकं तेच लोक सोडून देतात कारण त्याच्याशिवायही टेस्ट पेमेंट छान चालतं.

अकाउंट कुणाच्या नावावर

हे तांत्रिक नाही पण सगळ्यात आधी मिटवायचं. रेझरपेचं अकाउंट दुकानदाराच्या नावानं, त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाईलवर. साईट करणाऱ्यानं "मी माझ्या ईमेलनं उघडून देतो, नंतर बदलू" असं म्हटलं तर नको म्हणा, कारण ते नंतर कधी येत नाही आणि वर्षभरानं ओटीपी कुणाच्या फोनवर जातोय म्हणून शोधाशोध चालू होते. साईटवाल्याला काम करायचंय तर डॅशबोर्डमध्ये टीम मेंबर म्हणून त्याच्या स्वतःच्या ईमेलवर बोलवता येतं, काम झालं की काढून टाकायचं.

केवायसीला पॅन, बँक खातं, आधार असं नेहमीचंच लागतं, आणि धंद्याचा पुरावा म्हणून जीएसटी सर्टिफिकेट, उद्यम किंवा आपल्याकडे ज्याला सगळे गुमास्ता म्हणतात ते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली दहापेक्षा कमी कामगार असतील तर पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते, छोट्या दुकानदाराकडे बऱ्याचदा तीच असते. नाव मात्र सगळीकडे एकच पाहिजे. पॅनवर एक, बँकेत एक, साईटच्या फूटरमध्ये तिसरंच, असं असलं की केवायसी अडकतं.

साईटवरची पानं आधी करून ठेवा: प्रायव्हसी पॉलिसी, टर्म्स, रिफंड आणि कॅन्सलेशन, शिपिंग, आणि खरा पत्ता-फोन असलेलं कॉन्टॅक्टचं पान. रिझर्व्ह बँकेनं १७ मार्च २०२० ला रेझरपेसारख्या पेमेंट ॲग्रिगेटरसाठी नियम काढले, त्यात दुकानदाराची तपासणी करायची जबाबदारी ॲग्रिगेटरवर टाकली, म्हणून हे लोक साईट उघडून खरंच बघतात. दुसऱ्याच्या साईटवरनं रिफंड पॉलिसी उचलून त्यात दुसऱ्याच दुकानाचं नाव राहिलेलं असलं तर तेही दिसतं त्यांना.

केवायसी होईपर्यंत बसून राहायची गरज नाही. टेस्ट कीज त्याआधीच मिळतात, तोवर बाकीचं सगळं उरकून घ्या.

कीज घ्यायच्या आधी साईट तयार आहे का

एसएसएल, म्हणजे पत्त्यात एचटीटीपीएस आणणारं सुरक्षित कनेक्शन, चालू पाहिजे आणि नुसतं चालू नाही, साईटचा पत्ता वर्डप्रेसच्या जनरल सेटिंगमध्ये दोन्ही ठिकाणी एचटीटीपीएसवालाच पाहिजे. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये करन्सी भारतीय रुपया. ही करन्सीची गोष्ट फालतू वाटते पण नवीन साईटला चुकून डॉलर राहिलेलं असतं आणि मग चेकआउटवर पेमेंटचा पर्याय दिसत नाही किंवा खिडकी उघडताना एरर येते, आणि माणूस कीज परत परत टाकत बसतो.

पेज कॅश करणारं, म्हणजे पानाची तयार कॉपी साठवून तीच दाखवणारं प्लगिन असेल तर कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही तीन पानं त्यातून वगळा.

प्लगिन वर्डप्रेसच्या प्लगिन डिरेक्टरीतूनच घ्या, करणारा म्हणून रेझरपेचं नाव आहे ना ते बघा. कुणीतरी टेलिग्रामवर दिलेली झिप फाईल पेमेंटच्या बाबतीत कधीच नाही, कारण तुम्ही त्यात तुमची सिक्रेट टाकणार आहात. आणि आवृत्ती नवीन ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये वूकॉमर्स ८.३ आलं तेव्हापासून नवीन दुकानांना चेकआउटचं पान ब्लॉकवालं, म्हणजे वर्डप्रेसच्या नव्या एडिटरच्या तुकड्यांनी बनलेलं मिळतं, जुनी पेमेंट प्लगिनं त्यावर दिसतच नाहीत, सेटिंगमध्ये चालू आहे पण गिऱ्हाईकाला दिसत नाही असा प्रकार होतो. एवढ्यासाठी चेकआउट पान एडिटरमध्ये उघडून बघायचं ब्लॉक आहे का जुना शॉर्टकोड, म्हणजे चौकोनी कंसातली ओळ आहे.

टेस्ट कीज

रेझरपेच्या डॅशबोर्डमध्ये लॉगिन करा आणि सगळ्यात आधी टेस्ट मोडमध्ये आहात का लाइव्हमध्ये ते बघा, तो बदलायचा पर्याय तिथं असतो. मग अकाउंट अँड सेटिंग्जमध्ये जाऊन एपीआय कीज उघडा, जनरेट की दाबा. मेनूच्या जागा अधूनमधून बदलतात, सापडलं नाही तर वरच्या सर्चमध्ये एपीआय की टाईप करा.

आता दोन ओळी दिसतील. आयडीची सुरुवात आरझेडपी, अंडरस्कोर, टेस्ट अशी असते, लाइव्हमध्ये टेस्टच्या जागी लाइव्ह येतं. त्यामुळं कुठली की कुठल्या मोडची ते नुसतं बघून कळतं. सिक्रेटला मात्र असं काही नाव नसतं, ती नुसती अक्षरांची माळ, त्यामुळं टेस्टची आयडी आणि लाइव्हची सिक्रेट अशी जोडी लागली तर डोळ्यांना कळत नाही. आणि ही सिक्रेट एकदाच दिसते. खिडकी बंद केली की परत दाखवायची सोयच नाही, नवीन जोडी बनवावी लागते. म्हणून आधी ती पासवर्ड मॅनेजरमध्ये पेस्ट करा, मग खिडकी बंद करा. सोबत फाईल डाउनलोड करायचा पर्याय असतो, ती फाईल डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून राहते आणि सगळे तिला विसरतात, काम झालं की ती उडवा आणि रिसायकल बिनमधूनही उडवा.

वर्डप्रेसमध्ये या. वूकॉमर्स, सेटिंग्ज, पेमेंट्स, तिथं रेझरपे. इनेबलला टिक, टायटल म्हणजे गिऱ्हाईकाला चेकआउटवर जे नाव दिसेल ते. इथं कंपनीचं नाव ठेवण्यापेक्षा "यूपीआय / कार्ड / नेटबँकिंग" असं सरळ लिहा, गावाकडच्या गिऱ्हाईकाला रेझरपे म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही पण यूपीआय शाळकरी पोरालाही कळतं. मग की आयडी आणि की सिक्रेट आपापल्या जागी. पेस्ट करताना मागेपुढे स्पेस येते, खासकरून व्हॉट्सॲपवरनं नाहीतर पीडीएफमधून कॉपी केलं की, आणि ती स्पेस दिसत नाही, म्हणून पेस्ट केल्यावर एंड बटण दाबून कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटून उभा राहतो का ते बघा.

पेमेंट ॲक्शन नावाचा एक पर्याय आहे, त्यात ऑथराइज आणि ऑथराइज अँड कॅप्चर असे दोन. ऑथराइज म्हणजे पैसे बँकेनं राखून ठेवले पण तुम्ही अजून घेतले नाहीत, ते नंतर हातानं कॅप्चर करावे लागतात, आणि ठरलेल्या मुदतीत केले नाहीत तर पैसे आपोआप गिऱ्हाईकाला परत. रोजच्या दुकानासाठी ऑथराइज अँड कॅप्चर हेच निवडा. दुसरा पर्याय त्यांच्यासाठी ज्यांना माल आहे का नाही ते बघूनच पैसे घ्यायचेत आणि ज्यांच्याकडे रोज डॅशबोर्ड उघडून बसणारा माणूस आहे.

वेबहूक

नवीन आवृत्तीचं प्लगिन कीज सेव्ह केल्यावर वेबहूक स्वतःच रेझरपेकडे नोंदवायचा प्रयत्न करतं. प्रयत्न करतं म्हणतोय, कारण साईट तुमच्या लॅपटॉपवर लोकलहोस्टला असेल तर ते होऊच शकत नाही, रेझरपेच्या सर्व्हरला तुमचा लॅपटॉप कुठून दिसणार. तर सेव्ह केल्यावर डॅशबोर्डमध्ये परत जा, सेटिंगमध्येच वेबहूक्स असतं, तिथं तुमच्या साईटच्या पत्त्याची नोंद आलीये का आणि ती ॲक्टिव्ह आहे का हे डोळ्यांनी बघा. गृहीत धरू नका.

नसेल तर हातानं करायचं. ॲड न्यू वेबहूक, पत्त्याच्या रकान्यात साईटचा पत्ता, पुढं डब्ल्यूपी-ॲडमिन फोल्डरमधली ॲडमिन-पोस्ट नावाची पीएचपी फाईल आणि तिला जोडलेली वेबहूकची ॲक्शन, हा अख्खा पत्ता प्लगिनच्या डॉक्युमेंटेशनमधून कॉपी करा आणि फक्त डोमेन आपलं टाका, स्वतः टाईप करायला गेलात तर एक अक्षर चुकतं आणि दिवस जातो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे का नाही ते साईट जशी उघडते तसंच ठेवा, रिडायरेक्टच्या भरवशावर राहू नका. सिक्रेटच्या रकान्यात पासवर्ड मॅनेजरकडून लांबलचक काहीतरी बनवून घ्या आणि तेच प्लगिनच्या वेबहूक सिक्रेटमध्ये. इव्हेंट म्हणजे कुठल्या घटनेचा निरोप यायचा ते, त्यात पेमेंट ऑथराइज्ड तर हवाच, सोबत रिफंड क्रिएटेड आणि पेमेंट फेल्ड. सगळ्याच इव्हेंटला टिक मारायचा मोह आवरा, नको त्या निरोपांनी सर्व्हरला उगाच काम. अलर्टसाठी ईमेल विचारतात तिथं असा पत्ता द्या जो कुणीतरी रोज उघडतं.

आता इथं एक गंमत आहे जी बऱ्याच चांगल्या डेव्हलपरांच्याही लक्षात येत नाही. वेबहूकचा पत्ता डब्ल्यूपी-ॲडमिनच्या आत जातो. आणि सुरक्षेसाठी म्हणून लोक काय करतात, होस्टिंगवरनं त्याच फोल्डरला वेगळा पासवर्ड लावतात नाहीतर फक्त ऑफिसच्या आयपीला परवानगी देतात. चांगला हेतू, पण रेझरपेचा सर्व्हर त्या दारावर येऊन ४०१ नाहीतर ४०३, म्हणजे आत यायला परवानगी नाही असा कोड, खाऊन परत जातो. त्या एका फाईलपुरती सूट द्यावी लागते. हेच फायरवॉल प्लगिनचं आणि क्लाउडफ्लेअरच्या बॉट चॅलेंजचं, समोरून येणारा माणूस नसून सर्व्हर आहे, तो कॅपचा कसा सोडवणार.

वेबहूक फक्त ८० आणि ४४३ या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या ठरावीक दारांवर चालतात. उत्तर मिळालं नाही तर रेझरपे थोडं थोडं थांबून २४ तास परत परत पाठवत राहतं, आणि तरीही सतत फेल होत राहिलं तर ते वेबहूकच बंद करून टाकतात आणि ईमेल पाठवतात. तो ईमेल प्रमोशनच्या टॅबमध्ये गेला की झालं, त्यानंतर फायरवॉल दुरुस्त केली तरी वेबहूक आपोआप चालू होत नाही, डॅशबोर्डात जाऊन हातानं चालू करावं लागतं.

आणखी एक सेटिंग आहे जे पेमेंटच्या पानावर नाहीच त्यामुळं कुणी बघत नाही. वूकॉमर्सच्या प्रॉडक्ट्स सेटिंगमध्ये इन्व्हेंटरीखाली होल्ड स्टॉक असतं, डीफॉल्ट ६० मिनिटं. म्हणजे स्टॉक मॅनेजमेंट चालू असेल तर पेंडिंग ऑर्डर तासाभरात पैसे आले नाहीत म्हणून आपोआप कॅन्सल. आता एखादं यूपीआय पेमेंट बँकेत अडकून उशिरा कन्फर्म झालं तर निरोप येईपर्यंत ऑर्डर कॅन्सल झालेली आणि माल दुसऱ्याला विकला गेलेला. माल मर्यादित असेल, म्हणजे पैठणी नाहीतर हातानं केलेल्या एकेक वस्तू, तर हा आकडा कमी ठेवावाच लागतो आणि मग कॅन्सल ऑर्डरींची यादी रोज रेझरपेच्या पेमेंट यादीशी ताडून बघावी लागते. मसाले, पापड, लोणची असला माल असेल तर आकडा सरळ काही तासांवर न्या, काही बिघडत नाही.

टेस्ट करताना मुद्दाम वाकडं वागा

टेस्ट मोडमध्ये नेटबँकिंग निवडलं की एक खोटं बँकेचं पान येतं, त्यावर सक्सेस आणि फेल्युअर अशी दोन बटणं. कार्डासाठी रेझरपेच्या डॉक्युमेंटेशनमध्ये टेस्ट कार्डांचे नंबर आहेत ते वापरा, खरं कार्ड टेस्ट मोडमध्ये टाकू नका.

नुसतं सक्सेस दाबून ऑर्डर प्रोसेसिंगला गेली म्हणून खूश होऊ नका. फेल्युअर दाबून बघा, ऑर्डर फेल्ड किंवा पेंडिंग राहते का आणि गिऱ्हाईकाला परत प्रयत्न करता येतो का. पेमेंटची खिडकी अर्ध्यातच बंद करून बघा. आणि खरी परीक्षा: सक्सेस दाबायचं आणि त्याच क्षणी फोनचा टॅब बंद करायचा, नाहीतर एअरप्लेन मोड. मग थांबा. वेबहूक आल्याबरोबर त्याच सेकंदाला ऑर्डर बदलेल असं नाही, काही मिनिटं जाऊ शकतात, कारण हे काम वर्डप्रेसच्या क्रॉनवर, म्हणजे ठरावीक वेळानं आपोआप कामं चालवणाऱ्या यंत्रणेवर जाऊ शकतं आणि वर्डप्रेसचा क्रॉन साईटवर कुणी आलं तरच हलतो. ट्रॅफिक नसलेल्या साईटवर म्हणूनच होस्टिंगच्या पॅनलमधून खरा क्रॉन लावलेला बरा. ऑर्डर आपोआप प्रोसेसिंगला गेली, तर तुमचं वेबहूक जिवंत आहे. नाही गेली, तर वर सांगितलेलं सगळं परत बघा, वूकॉमर्सच्या स्टेटसमध्ये लॉग्ज असतात, प्लगिनचा डीबग मोड चालू केला की तिथं काय आलं काय गेलं ते दिसतं. लाइव्हला गेल्यावर डीबग बंद.

रिफंडही टेस्टमध्येच करून बघा. वूकॉमर्सच्या ऑर्डरमध्ये रिफंड दाबलं की दोन बटणं येतात, एक मॅन्युअली वालं आणि एक रेझरपेतर्फे वालं. मॅन्युअली दाबलं तर फक्त वूकॉमर्सच्या वहीत रिफंड लिहिला जातो, पैसे एक रुपयाही हलत नाहीत. दुकानात बसणाऱ्या माणसाला हे दाखवून द्या, नाहीतर दहा दिवसांनी गिऱ्हाईकाचा फोन येतो आणि तुमच्याकडे ऑर्डरवर रिफंडेड लिहिलेलं असतं.

लाइव्ह

केवायसी मंजूर झालं की डॅशबोर्ड लाइव्ह मोडमध्ये न्या आणि लाइव्ह कीज बनवा, परत तेच, सिक्रेट एकदाच दिसणार. प्लगिनमध्ये आयडी आणि सिक्रेट दोन्ही बदला. दोन्ही! आणि टेस्टचं वेबहूक लाइव्हमध्ये येत नाही, दोन्हीकडची यादी वेगळी असते, त्यामुळं लाइव्ह मोडमध्ये वेबहूकची नोंद झालीये का ते परत बघा. टेस्टमध्ये सगळं चाललं होतं आणि लाइव्हला ऑर्डरी पेंडिंग राहतायत याचं कारण बरेचदा एवढंच.

मग एक रुपयाचं प्रॉडक्ट बनवा, कॅटलॉगमधून लपवून ठेवा, आणि स्वतःच्या फोनवरनं खरं यूपीआय पेमेंट करा. रेझरपेला रक्कम पैशांत जाते, एक रुपया म्हणजे १००, लॉगमध्ये १०० दिसलं तर घाबरू नका. अशा दोन ऑर्डरी करा आणि एकीचाच रिफंड करा, दुसरीचे पैसे राहू द्या. आणि पुढच्या दोनतीन कामाच्या दिवसांत सेटलमेंट, म्हणजे रेझरपेनं तुम्हाला द्यायची रक्कम, खऱ्या बँक खात्यात पोचतंय का ते बघूनच एक रुपयाचं प्रॉडक्ट डिलीट करा.

दुकानदार इथं हमखास विचारतो की हजाराची ऑर्डर झाली आणि खात्यात हजार का नाही आले. २ टक्क्यांचा प्लॅन धरला तर २० रुपये फी, त्या फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे, हातात ९७६ रुपये ४० पैसे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पेमेंटमागं दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे हे खरं, पण गेटवे आपली प्लॅटफॉर्म फी वेगळी लावू शकतो, तुमच्या अकाउंटला काय दर लागलाय ते डॅशबोर्डात बघा. आणि रिफंड दिला म्हणून आधी कापलेली फी परत येत नाही, हे किमती ठरवतानाच धरा.

दिवाळीच्या फराळाचं दुकान असेल तर अजून एक. अमेरिकेत नाहीतर दुबईत बसलेला मुलगा इथल्या आईवडलांसाठी फराळ मागवतो आणि कार्ड तिथलं टाकतो, ते डिक्लाइन होतं, कारण परदेशी कार्डं घ्यायची परवानगी वेगळी मागावी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो. दिवाळीच्या आठवड्यात अर्ज करून उपयोग नाही, गणपतीच्या आसपासच करून टाका.

सिक्रेट कुठं कुठं सांडते

प्लगिन या कीज वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये ऑप्शन्सच्या टेबलात साध्या अक्षरांत ठेवतं. म्हणजे डेटाबेसचा प्रत्येक बॅकअप ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तुमची सिक्रेट आहे. बॅकअप गूगल ड्राइव्हवर "लिंक असेल त्याला बघता येईल" असा ठेवलेला असेल तर आजच बंद करा. वूकॉमर्सचा शॉप मॅनेजर रोल असलेल्या माणसालाही पेमेंटची सेटिंग उघडता येते, तर ऑर्डर पॅक करणाऱ्या पोराला तो रोल देताना विचार करा.

स्टेजिंग साईट, म्हणजे बदल आधी करून बघायची वेगळी प्रत, हा सगळ्यात मोठा खड्डा. लाइव्हची कॉपी काढून स्टेजिंग बनवलं की लाइव्ह कीजही सोबत आल्या, आता डेव्हलपर स्टेजिंगवर खेळताना खरे पैसे हलवतोय. क्लोन केल्यावर पहिलं काम म्हणजे तिथं टेस्ट कीज टाकणं. उलट दिशेनं स्टेजिंग लाइव्हवर ढकललं की टेस्ट कीज लाइव्हला आल्या, आणि हे जास्त वाईट कारण साईटवर ऑर्डरी येताना दिसतात, कन्फर्मेशनचे मेल जातात, माल रवाना होतो, आणि पैसे कुठंच नसतात. म्हणून साईट हलवली की दर वेळी की आयडीत लाइव्ह लिहिलंय का एवढं तरी बघाच.

व्हॉट्सॲपवर सिक्रेट पाठवायची नाही. कुणाला द्यायचीच असेल तर पासवर्ड मॅनेजरमधून शेअर करा, नाहीतर डेव्हलपरला सांगा सगळं तयार कर, शेवटचं पेस्ट मी करतो. तेवढं दुकानदाराला जमतं. आणि कार्डाचे नंबर स्वतःच्या फॉर्ममध्ये घ्यायची आयडिया कुणी काढली तर तिथंच थांबवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही, आणि इथं गिऱ्हाईक कार्ड टाकतं ते रेझरपेच्या खिडकीत, तुमच्या सर्व्हरला तो नंबर कळतही नाही, हेच बरं आहे.

नेहमीच्या एरर

ऑथेंटिकेशन फेल्ड आलं की आयडी-सिक्रेटची जोडी चुकलीये, स्पेस आलीये किंवा कुणीतरी मधेच नवीन की बनवलीये. पेमेंट ब्लॉक केलं कारण वेबसाईट नोंदवलेल्या वेबसाईटशी जुळत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज आला तर तुम्ही केवायसीत दिलेलं डोमेन वेगळं आणि आता चालवताय ते वेगळं, डॅशबोर्डात नवीन डोमेन जोडून मंजुरी घ्या, कीज बदलून काही होणार नाही. खिडकी उघडतच नाही आणि नुसतं गोल फिरत राहतं, तर जावास्क्रिप्ट एकत्र करणारं किंवा उशिरा लोड करणारं ऑप्टिमायझेशन बंद करून बघा.

आणि पैसे गेलेत पण ऑर्डर पेंडिंग, असा फोन आलाच, तर गिऱ्हाईकाचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका, खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप आहेत. रेझरपेच्या डॅशबोर्डात पेमेंट शोधा, मोबाईल नंबर नाहीतर ईमेलवरनं सापडतं. कॅप्चर्ड दिसलं तर पैसे तुमच्याकडे आलेत, ऑर्डर हातानं प्रोसेसिंगला करा, नोटमध्ये पेमेंटचा नंबर लिहा, आणि मग वेबहूक का नाही आलं ते शोधा. ऑथराइज्डवर अडकलंय तर कॅप्चर करा. फेल्ड दिसतंय आणि गिऱ्हाईकाच्या खात्यातनं मात्र गेलेत, तर ते त्याच्या बँकेकडून परत जातील, तुम्ही स्वतःच्या खिशातनं परत पाठवू नका, नाहीतर त्याला दोनदा मिळतील.

की बदलायची वेळ आली तर

डेव्हलपर बदलला, लॅपटॉप चोरीला गेला, सिक्रेट चुकून कुठल्या ग्रुपवर पडली, या तिन्ही वेळा नवीन जोडी बनवायची, "काय होतंय" म्हणून सोडायचं नाही. डॅशबोर्डमध्ये रीजनरेट केलं की विचारतात, जुनी की आत्ताच बंद करू का २४ तासांनी. नुसता माणूस बदलला असेल तर २४ तासांचं निवडा, शांतपणे बदलता येतं. सिक्रेट बाहेर फुटली असेल तर आत्ताच, आणि दहा मिनिटं दुकान बंद राहिलं तरी चालेल. त्याच अकाउंटच्या कीज तुमच्या दुसऱ्या साईटला, ॲपला किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरला लावल्या असतील तर तिथंही बदलाव्या लागतात, ती यादी आधी काढा. वेबहूक सिक्रेट यात आपोआप बदलत नाही, तीही फुटली असेल तर दोन्हीकडे हातानं नवीन टाका, एकीकडे टाकून दुसरीकडे राहिली तर सही जुळणार नाही आणि आलेला प्रत्येक निरोप प्लगिन नाकारत बसेल. शेवटी परत एक रुपयाची ऑर्डर, पेमेंट झालं की टॅब लगेच बंद, आणि ऑर्डर आपोआप प्रोसेसिंगला जाईपर्यंत जागचं हलायचं नाही.